लाल गाडी व दुसरी गाडी

आमच्या नगरसंस्थेच्या आरोग्य विभागात घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एक सिस्टर आहेत. टेकडीवरच्या वस्तीत अंथरुणाला खिळलेले किंवा पायऱ्या उतरू न शकणारे सव्वीस रुग्ण त्यांच्याकडे सोपवलेले आहेत. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाची नळी बदलायची, अशी कामं त्या दोन पिशव्या खांद्याला लावून पायी फिरत करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अर्ज केला : "टेकडीचा चढ पाहता विजेवर चालणारी एक छोटी, स्वस्त गाडी मिळावी, ही विनंती." अर्ज जेमतेम दीड ओळीचा होता. इतका त्रोटक अर्ज आमच्याकडे सहसा येत नाही, त्यामुळे तो समजून घ्यायलाच चार महिने लागले.

मी खरेदी शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. या अर्जाशी माझा खासगी संबंध आहे, तो आधीच जाहीर करतो, म्हणजे नंतर कुणी आक्षेप घ्यायला नको. सव्वीस रुग्णांपैकी अकरावा रुग्ण म्हणजे माझे मामा. आई-वडील गेल्यावर यांनीच मला वाढवलं. तीस वर्षं त्यांनी बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर साखरेच्या आजाराने त्यांचा उजवा पाय धरला. अंगठ्याशेजारी जखम झाली होती. दर तिसऱ्या दिवशी सिस्टर येऊन ती साफ करत. पट्टी माझी बायकोही बदलू शकायची, पण आतलं मेलेलं कातडं काढणं आमच्या कुणाच्या हातचं नव्हतं.

मामांनी अर्जाबद्दल ऐकलं तेव्हा ते खूश झाले. "घेऊन टाका की! एक गाडी, एक बाई, सव्वीस घरं. यात विचार कसला करायचाय?" ते म्हणाले. ते आयुष्यभर बस चालवत होते, कार्यालय नव्हे, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

खरेदी नियम चौदा असा आहे : कार्यालयाच्या ताब्यात त्याच प्रकारचे वाहन असल्यास प्रस्तावित वाहनाची त्याच्याशी तुलना केल्याशिवाय खरेदी करता येणार नाही. आता आमच्या ताब्यात विजेवर चालणारं एक वाहन होतं. नऊ वर्षांपूर्वी गाव सोडून जाणाऱ्या एका कारखानदाराने ते संस्थेला भेट दिलं होतं. वीजगाडी म्हटलं की लोकांना मुलांची खेळणी आठवायची, त्या काळात निघालेली ही शर्यतीच्या गाडीसारख्या घडणीची गाडी. लाल रंग, दोन माणसांची जागा, कापडी छत आणि थांबलेल्या अवस्थेतून शंभरचा वेग गाठायला साडेचार सेकंद. या नऊ वर्षांत ती वाहनतळाच्या शेडमधून एकदाच बाहेर आली होती, तीसुद्धा तोंड भिंतीकडे असल्यामुळे फोटो नीट येईना म्हणून. तिला पुन्हा सुलट तोंड करून आत लावण्यात आलं.

नियमाप्रमाणे विद्युत वाहन तुलना समिती नेमली गेली. अध्यक्ष आमचे उपमुख्य अधिकारी, म्हणजे साहेब. सदस्य म्हणून लेखापरीक्षक मॅडम आणि कार्यशाळेचे फोरमन. अंतिम वापरकर्ता म्हणून सिस्टर. सदस्य-सचिव मी. नागरिक प्रतिनिधीची जागा योग्य व्यक्ती मिळेपर्यंत रिकामी ठेवण्यात आली. मी बारा रकान्यांचा तुलनात्मक तक्ता आखला. एका विक्रेत्याने आपली सगळ्यात स्वस्त वीजगाडी चाचणीसाठी पाठवली. ती दुसरी गाडी.

फोरमनना दोन्ही गाड्या आवडल्या, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. ते लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, हिनं जगाला दाखवून दिलं की वीजगाडी पळू शकते. हिच्या पोटात अशा हजारो छोट्या बॅटऱ्या आहेत. ही नसती तर ही दुसरी स्वस्तातली निघालीच नसती. हिला सलाम करायचा, झाकून ठेवायची आणि दुसरीला कामाला लावायची. झाली तुलना."

"हे मत झालं," मॅडम म्हणाल्या. "तक्त्यात मताचा रकाना नाही."

पहिली चाचणी वेगाची. वाहनतळामागच्या सरळ रस्त्यावर लाल गाडीने साडेचार सेकंदांत शंभर गाठले. दुसरीला चौदा लागले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. "टेकडीवर वीसच्या वर कुणाचीच गाडी जात नाही," त्या म्हणाल्या. हे निरीक्षण चाचणीशी संबंधित नसल्याने नोंदवलं गेलं नाही.

दुसरी चाचणी टेकडीची. लाल गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटांवर, त्यामुळे ती पहिल्याच गतिरोधकावर अडकली. वाहनतळातल्या सहा जणांनी तिला बाळंतिणीसारखी सांभाळून उचलली आणि परत आणली. दुसरी गाडी सिस्टरना घेऊन निघाली, गल्लीबोळांतून वर गेली, वळली आणि परत आली. मधल्या वेळात सिस्टरनी चार रुग्ण पाहिले, त्यांत मामाही होते. मामांनी खिडकीतून गाडी जाताना पाहिली म्हणे. सिस्टर उतरल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. तक्त्यात मी नोंद केली : दुसरी गाडी, परतीस एक्केचाळीस मिनिटे विलंब.

एवढ्यावर प्रकरण संपायला हवं होतं, असं भाबड्या माणसाला वाटेल. पण मॅडमनी चष्मा पुसला.

"एक गाडी टेकडी चढते, एक चढत नाही. एकीत दोन माणसं बसतात, एकीत पाच. याचा अर्थ काय? या दोन असमान वस्तू आहेत. असमान वस्तूंची तुलना ग्राह्य धरता येत नाही. उद्या आक्षेप निघाला तर मी सही करणार नाही."

"मग आता?" साहेबांनी विचारलं.

"आधी त्यांना समान पातळीवर आणा. मग तुलना करा."

"मॅडम," फोरमन म्हणाले, "समान झाल्यावर तुलना कसली करायची?"

"निष्पक्ष," मॅडम म्हणाल्या.

हा शब्द सभेत उच्चारला गेला की पुढे कुणी बोलत नाही. समानीकरणाचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात एक अडचण होती. लाल गाडीच्या दानपत्रात अट होती की तिच्या मूळ स्वरूपात कोणताही बदल करू नये. म्हणजे तिला वर आणता येत नव्हतं. उरला एकच मार्ग, दुसरीला खाली आणण्याचा. विक्रेत्याने थोडा आरडाओरडा केला, पण त्याने न वाचता सही केलेल्या संमतीपत्रात "समितीस आवश्यक वाटेल ती चाचणी" असे शब्द होते.

पहिल्या आठवड्यात दुसऱ्या गाडीची मागची सीट काढली. औषधांच्या पेट्या आणि प्राणवायूचं नळकांडं तिथंच राहणार होतं, असं सिस्टर म्हणाल्या, त्यावर साहेबांनी सहानुभूती व्यक्त केली. दुसऱ्या आठवड्यात डिकी फळ्या मारून अर्धी बंद केली. तिसऱ्या आठवड्यात स्प्रिंगा कापून तिचं पोट चार बोटांवर आणलं आणि ती पहिल्याच गतिरोधकावर समाधानकारकरीत्या अडकली. चौथ्या आठवड्यात पत्र्याचं छत कापून कापड लावलं. फोरमननी ते काम केलं खरं, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

या सगळ्या काळात सिस्टर कुठं होत्या? वाहनतळात. समितीच्या कार्यपद्धतीनुसार अंतिम वापरकर्त्याने प्रत्येक चाचणीस हजर राहणं बंधनकारक होतं. गाडी ज्या कामासाठी हवी होती ते काम त्यांना गाडीमुळे करता येत नव्हतं. दर तिसऱ्या दिवसाची फेरी आठवड्यावर गेली, मग दहा दिवसांवर. एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"तुमच्या मामांचं बोट काळं पडायला लागलंय," त्या म्हणाल्या. "मला आठवड्यातून दोनदा तरी तिकडे जाऊ द्या. नाहीतर बोट जाईल. मी घाबरवत नाहीये, सांगतेय."

"सिस्टर, एवढी एक चाचणी झाली की गाडी तुमचीच," मी म्हणालो. माझा त्यावर खरंच विश्वास होता. मामांना खांद्यावर घालून खाली दवाखान्यात नेता आलं असतं. पण पुढच्या आठवड्यात गाडी येणारच आहे, मग म्हाताऱ्या माणसाला कशाला हेलपाटा, असं मी बायकोला सांगितलं. सलग सात आठवडे सांगितलं.

पुढे लोकसहभागाचा टप्पा आला. दोन्ही गाड्या दोन दिवस कार्यालयासमोर उभ्या केल्या आणि नागरिकांचे अभिप्राय मागवले. गाव लोटलं. लोकांनी लाल गाडीच्या दारात, काचेपाशी, चाकापाशी फोटो काढले. "भन्नाट!" "याला म्हणतात प्रगती!" "छत उघडून दाखवा!" अशा अभिप्रायांनी एकोणीस वह्या भरल्या. टेकडीवरचे लोकही आले होते, ज्यांच्या घरी सिस्टर जातात त्यांचे मुलगे, सुना, जावई. दुसऱ्या गाडीबद्दल दोनच अभिप्राय आले. एक सिस्टरचा. दुसरा असा होता : "ही कुणाची गाडी मध्येच उभी आहे? फोटोत येते. हलवा."

लपवत नाही, मीही लाल गाडीत बसलो. स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो काढला आणि घरी जाऊन मामांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"बसलास झकास. उतरलास कसा?"

"दोघांनी ओढून काढलं."

"म्हणजे तुझ्यासारख्या धडधाकट माणसाला दोघं लागले," मामा म्हणाले. "आणि त्या सिस्टर यात सव्वीस घरांपाशी चढणार-उतरणार?" ते हसले आणि पाय पांघरुणात ओढून घेतला. खोलीत जखमेचा वास होता. मी खिडकी उघडली.

शेवटची चाचणी पल्ल्याची. दोन्ही गाड्या बॅटरी संपून बंद पडेपर्यंत वाहनतळाभोवती गोल गोल फिरवल्या. लाल गाडी जास्त वेळ फिरली. मग चाचणीनंतरची स्थिती जशीच्या तशी राहावी म्हणून दोन्ही गाड्यांना आणि चार्जिंगच्या प्लगला लाखेचं सील ठोकण्यात आलं. सील उघडायला अध्यक्षांची सही हवी होती, आणि साहेब 'शीघ्र निर्णयक्षमता' या विषयावरच्या पाच आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेले होते. सील उघडेपर्यंत चाचणी चालूच मानली जात असल्याने सिस्टरची हजेरीही चालू राहिली.

फोरमन धावत माझ्याकडे आले. "अहो, ही लाल गाडी रिकामी ठेवायची नसते. जुन्या घडणीची आहे. फार दिवस उपाशी राहिली की बॅटरी कायमची मरते, मग काही केलं तरी उठत नाही. नऊ वर्षं मी तिचा प्लग काढू दिला नाही. सील तोडू द्या मला."

"टिपणी लिहून द्या," मी म्हणालो. त्यांनी दिली. मी ती साहेबांच्या टेबलावर 'तातडीचे' असं लिहून ठेवली. साहेब परत आले तेव्हा सील काढलं. फोरमननी प्लग लावला, तासभर थांबले, पुन्हा लावला. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली. लाल गाडी मेली होती.

दुसऱ्या गाडीचा प्लग लावल्याबरोबर तिचा दिवा लागला. पत्र्याचं छत नाही, मागची सीट नाही, पोट जमिनीला टेकलेलं, तरी दिवा लागला. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "चला, ही चालतेय. अशीच द्या. फळ्या मी काढून घेईन, गतिरोधकाशी उतरून ढकलेन."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "एक चालते, एक चालत नाही. ही असमानता चाचणीच्या काळात निर्माण झालेली आहे. समितीला ती दूर करावी लागेल."

"म्हणजे?" फोरमननी विचारलं.

"दुसरीची बॅटरी काढा."

फोरमननी पाना खाली ठेवला. "मी नाही काढणार. काय करायचं ते करा." तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच आदेश मोडला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सचिवाचं काम म्हणजे समितीचा निर्णय अमलात आणणं. मी पाना उचलला. मला ते काम येत नव्हतं, त्यामुळे अडीच तास लागले. सिस्टर तेवढा वेळ हजर राहिल्या, कारण ते बंधनकारक होतं. बॅटरी मी भांडारात जमा केली आणि पावती घेतली.

मग तक्ता पूर्ण झाला. बाराही रकाने सारखे भरले होते. आसनक्षमता दोन, दोन. जमिनीपासून उंची चार बोटं, चार बोटं. वेग शून्य, शून्य. पल्ला शून्य, शून्य. मॅडमनी आनंदाने सही केली. इतका स्वच्छ तक्ता आपण पाहिला नव्हता, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझं कौतुक केलं. मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

नियम चौदाच्या दुसऱ्या परिच्छेदात म्हटलं आहे की, ताब्यातले वाहन प्रस्तावित वाहनाच्या तोडीचे आढळल्यास नवीन खरेदी अनावश्यक समजावी. दोन्ही वाहनं तंतोतंत तोडीची असल्याचं सिद्ध झालं होतं. दुसरी गाडी विक्रेत्याच्या टेम्पोत चढवण्यात आली. लाल गाडी छोट्याशा समारंभात आरोग्य विभागाच्या स्वाधीन करण्यात आली. सिस्टर चावी हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"ही चालत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"सिस्टर," साहेब वत्सलपणे म्हणाले, "दोन्ही सारख्याच आहेत."

सिस्टरनी चावी पिशवीत टाकली, दोन्ही पिशव्या खांद्याला लावल्या आणि टेकडीच्या दिशेने चालू लागल्या. आमच्या घरी त्या पोचल्या तेव्हा दारातच इतका वास आला की पट्टी सोडायचीही गरज पडली नाही. मीच मामांना पाठीवर घेऊन खाली आणलं. सात आठवड्यांपूर्वी जे जड वाटलं होतं ते ओझं एव्हाना फार हलकं झालं होतं. दवाखान्यात उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचेल की नाही, ते अजून नक्की सांगत नाहीत.

शुद्धीवर आल्यावर मामांनी पांघरूण वर करून दोन्ही पाय पाहिले. मी मान खाली घालून बसलो होतो. लाजेने मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"आता डाव्या पायाचीही दोन काढा म्हणावं," मामा म्हणाले. "समान पातळीवर येतील."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ती दुसरी गाडी रे. सिस्टर त्या दिवशी घेऊन आल्या होत्या ती. मी खिडकीतून पाहिली, पण गल्लीत सावली होती. काय रंगाची होती?"

मला आठवेना. ज्या गाडीची सीट, छत, स्प्रिंगा माझ्या समोर काढल्या गेल्या, जिची बॅटरी मी स्वतःच्या हाताने काढली, तिचा रंग मला आठवेना. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन तक्ता काढला. रकाना नऊ : रंग. लाल गाडीपुढे 'लाल' आणि दुसरीपुढेही 'लाल'. सगळं समान दिसावं म्हणून मीच तसं लिहिलं होतं. खाली चौघांच्या सह्या होत्या. सिस्टरनी केली नव्हती. मॅडमना विचारलं, साहेबांना विचारलं. दोघांनाही सांगता येईना. सिस्टरना आणि फोरमनना विचारायला मला तोंड नव्हतं. एकोणीस वह्याही चाळल्या, त्यांतही तो रंग नव्हता.

तुम्ही ही हकीकत इथवर वाचलीत. लाल गाडी लाल होती हे तुम्हाला शीर्षकापासून ठाऊक आहे. दुसरीचा रंग मी कुठेच सांगितलेला नाही, आणि मामांनी विचारेपर्यंत तुमच्याही मनात तो प्रश्न आला नव्हता. नागरिक प्रतिनिधीची जागा अजून रिकामी आहे. योग्य व्यक्ती मिळाली, असं मी साहेबांना कळवतो आहे. सही तक्त्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात करायची आहे.